एक अलबेला

एक अलबेला : मराठी चरित्रपट. चित्रपट-अभिनेते, निर्माते व दिग्दर्शक भगवान आबाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान किंवा भगवानदादा (१ ऑगस्ट १९१३–४ फेब्रुवारी २००२) ह्यांच्या जीवनावर आधारित. दिग्दर्शक शेखर सरतांडेल; प्रदर्शन २४ जून २०१६. भगवानदादांची भूमिका मंगेश देसाई ह्यांनी व अभिनेत्री गीता बाली ह्यांची भूमिका विद्या बालन ह्यांनी केली. मराठी चित्रपटातील विद्या बालन ह्यांची ही पहिलीच भूमिका होय. चित्रपटाचे शीर्षक भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) ह्या विख्यात हिंदी चित्रपटावरून घेतले आहे.

मूकपटांच्या अखेरच्या काळात उमेदवारी केलेल्या एका विनोदी नटाचे चरित्र पडद्यावर आणणारा चित्रपट म्हणून ‘एक अलबेला’ची नोंद महत्त्वाची ठरते. तथापि त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते मर्यादित नाही. ज्या नटाचे आरंभीचे काम पडद्यावर पाहण्याची सोय जवळजवळ उरलेली नाही, त्याच्या चरित्रपटाला मूळ कामाची जागा घ्यावी लागते. अशा वेळी अनुकरण कोणते आणि इतिहास कोणता, हा प्रश्न उपस्थित होतो. भारतीय मूकपटांच्या नाशाशी हा प्रश्न निगडित आहे.

मराठी चरित्रपटांची परंपरा : मराठी चरित्रपटाचा आरंभ संतचरित्रांपासून झाला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा त्याचा सर्वश्रेष्ठ आदर्श मानला जातो. दामले व फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस ह्यांनी तुकारामांची भूमिका केली होती. व्हेनिस येथील १९३७ च्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वर्षी आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) शाहिराचे, म्हणजे एका लोककलावंताचे, जीवन पडद्यावर आणले. पुढे कलावंत हाच चरित्रपटाचा नायक अधिकाधिक होऊ लागला. श्याम बेनेगल ह्यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर ह्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ ह्या मराठी आत्मकथनावर आधारलेला होता. परेश मोकाशी ह्यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) दादासाहेब फाळके ह्यांच्या पहिल्या चित्रनिर्मितीची कथा हलक्याफुलक्या विनोदी शैलीत सांगितली, ऑस्कर पुरस्कारासाठी भारताचा अधिकृत चित्रपट म्हणून त्याची निवड झाली होती. ‘बालगंधर्व’ (२०११) व ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) हे रंगभूमीवरील नटांचे चरित्रपट होत. ‘एक अलबेला’ ह्याच मालिकेत येतो.

ह्या चरित्रपटांच्या आधारसामग्रीत मात्र मोठा फरक आहे. संतांच्या जीवनासाठी अभंग व परंपरा ह्यांचा आधार होता. हंसा वाडकरांचे आत्मकथन छापील स्वरूपात होते. बालगंधर्वांच्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात आणि पडद्यावरील बालगंधर्व त्यांच्याशी ताडून पाहता येतात. विनोदी नटाची कला त्याच्या देहात असते. चालण्याची ढब, पडण्याची वेळ, मानेचा झटका, चेहऱ्यावरचा भाबडा भाव ह्या गोष्टी शब्दांत वा ध्वनिमुद्रिकेत साठविता येत नाहीत. त्या चित्रफितीवरच टिकतात व फीत नष्ट झाली की कायमच्या जातात.

मूकपट आणि विनोद : भारतीय मूकपटात विनोदाला आरंभापासून स्थान होते. फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला; त्यानंतर अल्पावधीतच त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपटही तयार केला. बंगालमध्ये धीरेंद्रनाथ गांगुली (१८९३–१९७८) ह्यांनी ‘बिलेत फेरत’ (१९२१) ह्या मूकपटातून विलायतेहून परतलेल्या तरुणाच्या साहेबी थाटाची थट्टा केली. पुढे त्यांनी हैदराबाद संस्थानात जाऊन लोटस फिल्म कंपनी काढली. आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारा प्रदेश त्या वेळी ह्याच संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. मराठवाड्याच्या दृष्टीने विचार करता, आपल्याच संस्थानाच्या राजधानीत मूक विनोदपटांचे निर्माते काही वर्षे चित्रपट काढीत होते. १९२४ मध्ये रझिया बेगमच्या कथेवरील चित्रपट गांगुलींनी तेथे दाखविला. मुस्लिम राणी व हिंदू पुरुष ह्यांच्या प्रेमाचे त्यातील चित्रण निजामास रुचले नाही. गांगुलींना संस्थान सोडण्याचा आदेश मिळाला आणि हैदराबादमधील हा उपक्रम संपुष्टात आला. गांगुलींना १९७५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. परंतु हैदराबादमधील त्यांचे चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत.

मुंबईत ह्याच काळात साहसपटांना बहर आला. शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांतून तलवारबाजी करणारे मास्टर विठ्ठल लोकप्रिय झाले. साहसपटातील मारामारी व विनोदपटातील धडपड ह्यांची मुळे एकच होती. दोहोंना व्यायामाने कमावलेले, चपळ शरीर लागे. शब्दांची गरज नसल्यामुळे भाषा न जाणणारा वा अक्षरओळख नसलेला कामगारही हे चित्रपट आवडीने पाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी झळकला, तेव्हा त्याचे नायक मास्टर विठ्ठलच होते. भगवानदादांनी चित्रसृष्टीत पाऊल टाकले ते ह्याच संधिकाळात.

भगवानदादांचे जीवन : भगवानदादांचा जन्म अमरावती येथे झाला. त्यांचे वडील कापड गिरणीत कामगार होते. भगवानदादांनीही तरुणपणी मजुरी केली. मात्र ओढ चित्रपटाची होती. मूकपटांतील लहान भूमिकांपासून त्यांनी सुरुवात केली आणि चित्रनिर्मितीची निरनिराळी अंगे प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली. चंद्रराव कदम ह्यांच्यासह त्यांनी ‘बहादूर किसान’ (१९३८) हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ पर्यंत त्यांनी अल्प खर्चात तयार होणाऱ्या साहसपटांची मालिकाच निर्माण केली. ह्या चित्रपटांत ते बहुधा भोळ्याभाबड्या, पण प्रसंगी शत्रूला लोळविणाऱ्या तरुणाची भूमिका करीत. गिरणगावातील श्रमिक प्रेक्षक हा त्यांचा मुख्य आश्रयदाता होता.

ह्याच काळात त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर, १९१८–८२) ह्यांच्याशी साहचर्य जुळले. भगवानदादांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वनमोहिनी’ (१९४१) ह्या तमिळ चित्रपटाला सी. रामचंद्रांनी संगीत दिले होते. ‘सुखी जीवन’ (१९४२) ह्या हिंदी चित्रपटानेही त्यांच्या कारकीर्दीस गती दिली. १९४२ मध्ये भगवानदादा जागृती पिक्चर्स ह्या संस्थेद्वारे निर्माते झाले व १९४७ मध्ये त्यांनी चेंबूर येथे जागृती स्टुडिओ उभारला.

साहसपटांच्या कार्यपद्धतीची एक काळी बाजूही ह्या चरित्रात आढळते. ‘जंग-ए-आझादी’ ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणात १९४२ मध्ये भगवानदादांनी अभिनेत्री ललिता पवार (१९१६–९८) ह्यांना मारावयाची चपराक प्रत्यक्षातच जोराने बसली. त्यामुळे ललिता पवार ह्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यास कायमची इजा पोहोचली. मूकपटांपासून नायिका म्हणून काम करणाऱ्या ह्या अभिनेत्रीला दीर्घ उपचारांनंतर चरित्रभूमिकांकडे वळावे लागले आणि त्या क्षेत्रात त्यांनी स्वतःचे स्वतंत्र स्थान निर्माण केले. हुबेहूबपणासाठी खरे आघात करण्याची त्या काळची रीत नटनटींना किती महाग पडे, ह्याचे हे उदाहरण आहे. विनोद व साहस ह्यांच्या इतिहासातून ते वगळता येत नाही.

‘अलबेला’ : राज कपूर ह्यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला, त्यानुसार भगवानदादांनी ‘अलबेला’ निर्माण केला. निर्माता, दिग्दर्शक व नायक ह्या तिन्ही जबाबदाऱ्या त्यांनी स्वतः सांभाळल्या. संगीत सी. रामचंद्र ह्यांचे, गीते राजेंद्र कृष्ण ह्यांची व नायिका गीता बाली होत्या. गरिबीने गांजलेला, पण रंगमंचावर नाव काढण्याचे स्वप्न पाहणारा प्यारेलाल हा ह्या चित्रपटाचा नायक. घरात अपमान सोसून तो बाहेर पडतो व एका अभिनेत्रीच्या साहाय्याने यशस्वी नट होतो. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या भगवानदादांच्या स्वतःच्या धडपडीचे प्रतिबिंब ह्या कथेत उमटले आहे. ‘आवारा’ व ‘बाजी’ ह्यांसारखे चित्रपट त्याच वर्षी आले असताही ‘अलबेला’ला उदंड लोकप्रियता लाभली.

ह्या यशात नृत्याचा वाटा मोठा होता. भगवानदादांचे नृत्य शास्त्रोक्त नव्हते. गुडघे किंचित वाकवून टाकलेली छोटी पावले, खांद्यांची लयबद्ध हालचाल व तळव्यांचा सहज वापर, एवढ्यावर ते उभे होते. कोणालाही जमेल असे ते वाटे. म्हणूनच चित्रपटगृहातील प्रेक्षक आणि मिरवणुकीतील तरुण ह्यांनी ते आपलेसे केले. पुढे अमिताभ बच्चन ह्यांच्या पडद्यावरील नृत्यावर ह्या शैलीचा प्रभाव पडल्याचे वारंवार नोंदविले गेले आहे. बारकाईने पाहिल्यास हे नृत्य मूकपटातील देहाभिनयाचेच गीतबद्ध रूप आहे. शब्दाविना हसविण्याची जी कला भगवानदादांनी उमेदवारीत हस्तगत केली, तिला सी. रामचंद्रांच्या ठेक्याची जोड मिळाली, असे म्हणता येईल.

‘अलबेला’नंतर ‘झमेला’ (१९५३) व ‘भागम भाग’ (१९५६) हे चित्रपट त्यांनी काढले; परंतु पहिल्या यशाची पुनरावृत्ती झाली नाही. जुहू येथील २५ खोल्यांचा बंगला व आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे सात मोटारी त्यांच्याकडे होत्या, असे सांगितले जाते. हे वैभव कर्जापायी गेले आणि अखेरची अनेक वर्षे त्यांनी दादर येथील चाळीत काढली. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘चोरी चोरी’ (१९५६) ह्यांपासून पुढे कित्येक वर्षे ते मिळतील त्या लहान भूमिका करीत राहिले. त्यांत पुष्कळदा ‘अलबेला’तील नृत्याची चार पावले टाकणे एवढेच त्यांच्या वाट्यास येई. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

चित्रपटाचे स्वरूप : ‘एक अलबेला’च्या कथनाचा रोख, शीर्षक सुचविते त्याप्रमाणे, गिरणीतील मजुरीपासून ‘अलबेला’च्या यशापर्यंतच्या वाटचालीवर आहे. ‘अलबेला’तील लोकप्रिय गीतनृत्ये नव्याने चित्रित करण्यात आली आहेत. मंगेश देसाई ह्यांच्यापुढे दुहेरी काम होते. भगवानदादांची देहबोली प्रेक्षकांच्या परिचयाची असल्यामुळे तिच्यापासून दूर जाता येत नव्हते. आणि निव्वळ नक्कल केल्यास माणूस हरवून पोकळ पुतळा उरण्याचा धोका होता. जेथे मूळ चित्रपट उपलब्ध आहे, तेथे ह्या अभिनयाची पारख प्रेक्षक स्वतः करू शकतो. ‘अलबेला’ आजही पाहता येतो. परंतु त्यापूर्वीच्या वीसएक वर्षांसाठी अशी कसोटी जवळजवळ उपलब्ध नाही. चरित्रपटाचा भर १९५१ वर असण्यामागे नाट्याची सोय हे एक कारण आहेच. त्याखेरीज आपल्या सामूहिक स्मृतीतही भगवानदादा १९५१ पासूनच सुरू होतात, हे दुसरे व अधिक खोल कारण आहे.

मूकपटांचा नाश : भारतात १९३४ पर्यंत सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्णतः वा अंशतः शिल्लक राहिलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास आहे. फाळके ह्यांच्या ‘कालिया मर्दन’चा (१९१९) बराचसा भाग व बाबूराव पेंटर ह्यांचा ‘मुरलीवाला’ (१९२७) टिकून राहिला. पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) मात्र मूळ मूक स्वरूपात उपलब्ध नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत शिल्लक नाही.

ह्या नाशाची कारणे एकाहून अधिक आहेत. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रफितीचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत आपोआप विघटित होतो. फीत प्रथम चिकट होते व शेवटी तिची भुकटी उरते. दुसरे कारण आर्थिक होते. फितीवरील रसायनात चांदी असल्यामुळे बोलपट आल्यावर निरुपयोगी ठरलेले मूकपट ती काढून घेण्यासाठी विकले गेले. तिसरे कारण वितरणाच्या पद्धतीत होते. मोठ्या शहरांत झिजलेल्या प्रती लहान गावांकडे व तेथून जत्रेतल्या तंबूंत चालणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांकडे जात. मराठवाडा-विदर्भातील खेड्यांपर्यंत चित्रपट पोहोचे तो ह्याच मार्गाने. प्रत्येक खेळागणिक फीत तुटे, जोडली जाई व आखूड होई. साहसपट व विनोदपट ह्यांना ग्रामीण प्रेक्षक अधिक, म्हणून त्यांच्या प्रतीही अधिक वापरल्या गेल्या. म्हणजे ज्या लोकप्रियतेने भगवानदादांसारख्या नटाला मोठे केले, तिनेच त्याच्या कामाचा पुरावा झिजवून टाकण्यास हातभार लावला. शिवाय ह्या स्वस्त चित्रपटांना प्रतिष्ठितांच्या लेखी कलामूल्य नसल्यामुळे ते जपून ठेवण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटली नाही.

पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर ह्यांनी अनेक वर्षे चिकाटीने जुन्या फिती मिळवून त्याचा संग्रह उभा केला. आज उपलब्ध असलेले पुष्कळसे मूकपट त्यांच्या परिश्रमांमुळे वाचले. परंतु तोपर्यंत मूकपटांचा काळ संपून तीस वर्षे उलटली होती. पुण्यातील नायट्रेट फितींच्या साठ्याला २००३ मध्ये आग लागून जपलेल्या संग्रहाचीही हानी झाली.

पाश्चात्त्य चरित्रपटांशी तुलना : मूकपटांतील विनोदी नटांवरील चरित्रपटांत रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शित ‘चॅप्लिन’ (१९९२) हा सर्वाधिक परिचित आहे. चार्ली चॅप्लिन (१८८९–१९७७) ह्यांचे आत्मचरित्र व डेव्हिड रॉबिन्सन ह्यांनी लिहिलेले चरित्र ह्यांवर तो आधारलेला असून रॉबर्ट डाउनी ज्युनियर ह्यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. चित्रपटाच्या अखेरीस १९७२ च्या सन्मानसमारंभात चॅप्लिन यांच्या मूळ चित्रपटांतील दृश्ये दाखविली आहेत. चरित्रपटातील नट येथे बाजूस होतो आणि खरा चॅप्लिन पडद्यावर येतो. हे शक्य झाले ते चॅप्लिन यांचे चित्रपट टिकून राहिल्यामुळे. १९१४ मध्ये कीस्टोन कंपनीसाठी त्यांनी केलेल्या तीन डझन चित्रपटांपैकी केवळ एकच आज अनुपलब्ध आहे.

बस्टर कीटन (१८९५–१९६६) ह्यांचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. त्यांच्या हयातीतच निघालेला ‘द बस्टर कीटन स्टोरी’ (१९५७) हा चरित्रपट वस्तुस्थितीशी फारकत घेणारा म्हणून टीकेचा विषय झाला. तथापि त्याने कीटन यांचे कायमचे नुकसान झाले नाही. कारण त्याच सुमारास त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या प्रती सापडून पुन्हा दाखविल्या जाऊ लागल्या व त्यांची कीर्ती नव्याने प्रस्थापित झाली. ‘स्टॅन अँड ऑली’ (२०१८) हा चरित्रपट लॉरेल व हार्डी ह्या जोडीच्या १९५३ मधील ब्रिटनच्या दौऱ्यावर, म्हणजे उतारवयावर केंद्रित आहे. त्यांच्या ऐन उमेदीतील कामाची ओळख प्रेक्षकाला आहे, हे गृहीत धरूनच तो रचला गेला. चरित्रपट चुकला तर दाद मागण्यासाठी मूळ चित्रपट असणे, ही ह्या नटांना लाभलेली सोय होय. भगवानदादांच्या पूर्वायुष्याबाबत ती जवळजवळ नाही.

मूल्यमापन : विनोदी नटांच्या चरित्रपटांचा एक ठरीव साचा आहे. दारिद्र्य, धडपड, यश, उधळेपणा व एकाकी अखेर अशी त्याची पाच पावले असतात. जगाला हसविणारा स्वतः दुःखी होता, हा त्याचा आवडता निष्कर्ष. भगवानदादांचे जीवन ह्या साच्यात सहज बसते आणि म्हणूनच सावधगिरीची गरज आहे. बंगला ते चाळ ही कथा सांगण्यास सोपी आहे; पण तिच्यामुळे अकरा वर्षे सातत्याने स्वस्त चित्रपट काढून श्रमिक प्रेक्षकवर्गाची करमणूक करणारा कुशल कारागीर झाकला जातो. बंगला गेला तरी काम सुटले नाही, हेही त्या कथेत गौण ठरते. चाळीतील वास्तव्य म्हणजे पराभव, हे समीकरणही भगवानदादांचा मूळ प्रेक्षक मान्य करील असे नाही. कारण तो स्वतः चाळीतच राहत होता.

‘एक अलबेला’ने एका विस्मृतीत चाललेल्या मराठी कलावंताचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचविले, हे त्याचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. नृत्याची ती चार पावले कोठून आली, ह्याचे कुतूहल ज्याच्या मनात त्यामुळे जागे झाले, तो प्रेक्षक ‘अलबेला’पर्यंत जाऊ शकतो. त्याहून मागे जाण्याची वाट मात्र फितींबरोबरच बंद झाली आहे. चरित्रपट ही वाट पुन्हा खुली करू शकत नाही. ती कोठे व कशामुळे बंद झाली, एवढेच तो दाखवू शकतो. म्हणूनच कलावंताचे स्मारक उभारण्यापूर्वी त्याचे काम जतन करणे हे कोणत्याही समाजाचे पहिले कर्तव्य ठरते. भगवानदादांच्या पिढीबाबत ते वेळेवर पार पडले नाही; पुढील पिढ्यांच्या चित्रफितींबाबत ते पार पाडणे अद्याप शक्य आहे.